दोनदा गाळलेलं डिझेल

गॅरेजवाल्यानं दिवाळी अंकात लिहायचं म्हटलं की वाचकाला गमती हव्या असतात. नवरदेवाची गाडी वरातीत कशी बंद पडली, पुढाऱ्याच्या गाडीला त्याच्याच कार्यकर्त्यांनी धक्का कसा मारला, वगैरे. माझ्याकडं तशा पुष्कळ आहेत. पण गेल्या वर्षापासून माझ्या डोक्यात एकच गाडी अडकून पडली आहे. ती बाहेर काढल्याशिवाय दुसरं काही लिहिणं म्हणजे लबाडी होईल. आणि लबाडीवर मी इतकी पत्रकं काढली आहेत की आता ती मला करता यायची नाही.

मी गोंदियात मिस्त्री आहे. आयटीआय केलं, काही वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढली, मग राइस मिलांच्या रांगेला लागून पत्र्याचं शेड टाकलं. दुसरा नाद पर्चे लिहिण्याचा. कंत्राटी ड्रायव्हर, विडी वळणाऱ्या बाया, मालधक्क्यावरचे हमाल, यांचं गाऱ्हाणं कोणी ऐकत नाही म्हणून मी ते छापून वाटतो. मथळा मोठा, वाक्य छोटं, शेवटी उद्गारचिन्ह. लोक मला पर्चेवाला मिस्त्री म्हणतात. काही जण प्रेमानं म्हणतात.

आता धंद्याबद्दल थोडं, म्हणजे पुढचं कळेल. दिवसाआड एक तरी गिऱ्हाईक येतं आणि तेच वाक्य बोलतं, गाडी पिकअप नाही घेत. उभी असली की छान घुरघुरते. सपाट रस्त्यावर पळते. पायाखाली दाबलं की मात्र झटके खाते, दम तोडते, कधी बंदच पडते. इंजिनाला हवा लागते, तेल म्हणजे डिझेल लागतं, आणि दोन्हींची गाठ वेळेवर पडावी लागते. उभ्या गाडीला यातलं थोडंथोडं पुरतं. खाटेवर पडलेल्या माणसाचा अशक्तपणा दिसत नाही, त्याच्या पाठीवर धानाचं पोतं दिलं की दिसतो. तसंच हे. चढ आला, माणसं भरलेली असली, की इंजिन जास्त तेल मागतं, आणि कुठंतरी वाट अडलेली असेल तर ते तिथं कळतं.

म्हणून चांगला मिस्त्री आधी बॉनेट उघडत नाही. चालवणाऱ्याला विचारतो. थंड असताना होतं की गरम झाल्यावर? चढावर की कुठंही? बंद पडल्यावर लगेच सुरू होते, की थोडं थांबून, की होतच नाही? तेल कुठं भरता, कसं भरता? एवढ्या बोलण्यात अर्धा आजार हाती लागतो. मोठ्या वर्कशॉपात हल्ली असं बोलत बसत नाहीत. मशीन लावतात, मशीन सांगतं तेलाचा दाब कमी, ते म्हणतात पंप बदला. मशीन खोटं नसतं. पण ताप आहे एवढंच थर्मामीटर सांगतं, कशाचा ते नाही सांगत.

आमच्या शेजारच्या एका मिलमालकाची नवी गाडी अशीच दम तोडत होती. नागपूरला दोन खेपा झाल्या, दोन सेन्सर बदलले, गाडी होती तशीच. शेवटी वैतागून माझ्याकडं आणली. मी विचारलं, शेठ, गाडी उभी कुठं करता? म्हणाले, मिलमध्ये, मागच्या शेडात. म्हणजे जिथं कोंडा उडतो तिथं. मी हवेचा फिल्टर काढून जमिनीवर आपटला. सूपभर कोंडा पडला. गाडीचं नाक चोंदलं होतं, बाकी काही नाही. शेठ त्या ढिगाकडं पाहत म्हणाले, "बस, इतनाच?" आवाजात सुटका नव्हती, निराशा होती. मोठ्या माणसाच्या गाडीला इतका हलका आजार शोभत नाही असं त्यांना वाटलं असावं. त्यानंतर ते माझ्याकडं आलेच नाहीत.

ही गोष्ट सांगण्याचं कारण, मला धंदा येतो. येत नसता तर पुढचं घडलं त्याचं एवढं वाईट वाटलं नसतं.

गेल्या वर्षी पावसाळा सरत असताना एका दुपारी उईकेभाऊ गाडी घेऊन शेडात आले. पन्नाशीचा, बारीक, मोजकं बोलणारा माणूस. सालेकसा तालुक्यातल्या जंगलपट्टीत एका आरोग्य केंद्राला ठेकेदाराची गाडी लावलेली होती, तिच्यावर ते ड्रायव्हर. दर मंगळवारी सात-आठ सिकलसेलचे पेशंट घेऊन गोंदियाला यायचं, त्यांना रक्त चढवून होईपर्यंत थांबायचं, आणि संध्याकाळच्या आत एकेकाला त्याच्या गावात सोडायचं. आमच्याकडं घराघरात हा आजार आहे. ज्याला आहे त्याला वेळेवर रक्त मिळालं नाही तर हाडं ठणकून माणूस गुरासारखं ओरडतं. तेव्हा ही गाडी त्या पट्ट्यात देवासारखी होती, आणि उईकेभाऊ तिला तसंच जपत. चाकं पुसल्याशिवाय सकाळी निघत नसत.

तीच गाडी दोन महिन्यांपासून दरेकसाकडच्या चढावर बंद पडत होती. पेशंट खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसायचे. त्यांच्यात सुशीलाबाई म्हणून एक होत्या, तीस-बत्तीसच्या, तोंडाच्या फटकळ. त्या म्हणायच्या, "आमच्या अंगात रगत नाई, हिच्या अंगात डिझेल नाई. बहिनी-बहिनी आहोत आमी." सगळे हसायचे. मग दहा मिनिटांनी गाडी आपोआप सुरू व्हायची आणि काही झालंच नाही अशी पळायची.

ठेकेदारानं गाडी एका मोठ्या वर्कशॉपात नेली. मशीननं दाब कमी सांगितला, वर्कशॉपवाले म्हणाले पंप गेला, खराब तेलानं जातो. तेवढं ठेकेदाराला पुरलं. त्यानं उईकेभाऊंवर आळ घेतला की हा डिझेल काढून विकतो आणि रॉकेल मिसळतो. महिनाअखेर काढून टाकतो म्हणाला. रेशनवरचं रॉकेल आमच्याकडं कधीच बंद झालं, ते उईकेभाऊ आणणार कुठून, हा प्रश्न त्याला कोणी विचारला नाही.

उईकेभाऊंच्या घरी शेती नाही. जंगलात तेंदूपत्ता, मोहफूल, आणि ही नोकरी. नोकरी गेली तर बायकोचं काय, धाकटीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचं काय, हे ते बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "चोर म्हनून नाई जायचं जी मले. म्हातारा झालो म्हनून काढा, चालते."

मी विचारलं, डिझेल येतं कुठून? तर ठेकेदार पेट्रोल पंपाची चिठ्ठी देतच नाही. गोंदियाहून त्याच्या टेम्पोत आठवड्याच्या कॅन येतात, केंद्रामागच्या खोलीत पडून असतात, त्यातून ड्रायव्हरनं टाकी भरायची. कॅन कसल्या? जुन्या. कधी तळाशी गाळ, कधी पाणी.

इथं मी मिस्त्री असायला हवा होतो. पुढचा प्रश्न अगदी समोर होता, तुम्ही त्या कॅनमधून टाकीत ओतता कसं? पण मला तोवर मथळा सुचला होता. गाळाच्या कॅन, कंत्राट, आजारी माणसं रस्त्यावर बसलेली, खोटा आळ आलेला गरीब आदिवासी ड्रायव्हर. इतकं तयार पत्रक हाती येतं तेव्हा माझ्यासारख्याला दम धरवत नाही. मी त्यांना बाकावर बसवलं आणि तिथंच लिहायला घेतलं. त्या दुपारी त्यांनी मध्ये दोनदा तोंड उघडलं. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही फक्त बसा, आता मी पाहतो.

पत्रक चांगलं झालं, हे आजही कबूल करतो. 'रुग्णांच्या जिवाशी खेळ! भेसळीच्या डिझेलवर कोणाचं पोट भरतं?' अशी सुरुवात होती. खाली मागणी होती, डिझेलची तपासणी करा, गाडीची टाकी सर्वांसमोर उघडा, निर्दोष चालकावरचा आळ मागे घ्या. सालेकशाच्या बाजारात वाटलं, गोंदियात स्टेशनबाहेर वाटलं. एका ऑटोवाल्यानं मागच्या काचेला चिकटवलं. मी दोन दिवस फार खुशीत होतो.

आणि यावेळी, नवल म्हणजे, मागणी मान्य झाली. पहिल्यांदाच. तालुक्याच्या आरोग्य कार्यालयानं चौकशी लावली, कॅनमधल्या डिझेलचा नमुना तपासायला नेला, आणि टाकी उघडायला तारीख दिली. तांत्रिक माणूस म्हणून मला बोलावलं. पत्रक काढणाऱ्यानंच उघडावी म्हणजे नंतर तक्रार नको, असं तिथल्या साहेबांचं म्हणणं.

केंद्राच्या अंगणात सकाळी दहा वाजता सगळे जमले. साहेब खुर्चीवर, ठेकेदार त्यांच्या बाजूला उभा, नर्सबाई, गावातली पाच-पंचवीस माणसं, सुशीलाबाई झाडाखाली. आधी साहेबांनी तपासणीचा कागद वाचला. डिझेलमध्ये भेसळ नाही. नमुना वरच्या तेलाचा घेतला होता, तळाचा गाळ कोणी उचललाच नव्हता. हे मला नंतर घरी गेल्यावर सुचलं. माझ्या मथळ्यातला मोठा शब्द तिथल्या तिथं मेला होता.

मग मी गाडीखाली शिरलो. टाकी उतरवली, तेल बादलीत काढलं, तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी असते ती जाळी बाहेर काढली. जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर जाड नमदा बसला होता, ओल्या लोकरीसारखा. बोटानं सोडवला तर धागे. सुताचे, बारीक, काही पांढरे, काही लाल.

मला त्या क्षणी सगळं कळलं, आणि फार उशिरा कळलं. गाडी चढाला लागली की पंप जोरात ओढतो, टाकीत तरंगणारे धागे सगळे जाळीवर जाऊन बसतात, तेलाची वाट बंद, इंजिन मेलं. दहा मिनिटं थांबलं की ओढ संपते, धागे सुटून खाली बसतात, वाट मोकळी. दम तोडून मग आपोआप सुरू होणाऱ्या गाडीचा हा पाठ्यपुस्तकी आजार आहे. त्यांनी शेडात बसून लक्षण सांगितलं होतं. मी ऐकलं होतं आणि पुढं विचारलं नव्हतं.

मी मान वर केली. उईकेभाऊंच्या खांद्यावर लाल पट्ट्यांचा पांढरा गमछा होता. ते माझ्या हातातल्या गोळ्याकडं पाहत होते, आणि त्यांना अजून समजलेलं नव्हतं. उलट कौतुकानं ते साहेबांना सांगू लागले. "मी त दोनदा गाळतो जी. गमछा दुहेरी करून. कॅनीत गाळ राह्यते ना. मध बी आमी असंच गाळतो, तेल बी असंच. कपड्यातून गाळलं का साफ होते. एक बी दिवस न गाळता नाई टाकलं."

एक माणूस आपल्या तोंडानं, आपल्या इमानदारीचा दाखला म्हणून, स्वतःविरुद्ध साक्ष देत होता. जुना विरलेला गमछा, त्यावर महिनोन् महिने डिझेल. प्रत्येक वेळी पाच-दहा धागे सुटून टाकीत. कॅनमधले मोठे खडे अडत असतील, पण बारीक गाळ त्यातून पार होतच होता. म्हणजे गाळण्याचा फायदा जवळपास नाही आणि नुकसान एवढं. हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. तारेची बारीक जाळी बसवलेलं एक नरसाळं त्या खोलीत ठेवलं असतं तर हे झालं नसतं. ते ठेवणं ठेकेदाराचं काम होतं.

ठेकेदार हसला नाही. आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाला, "पर्चेवाले भैया, आपने ही बोला था खोलो. लो, खोल दिया."

साहेबांनी कारकुनाला लिहायला लावलं आणि मला विचारत गेले. टाकीत काय सापडलं? कापडाचे धागे. कोणाच्या कापडाचे? चालकाच्या. त्याला असं गाळायला कोणी सांगितलं होतं का? नाही. तिन्ही उत्तरं खरी होती. मी म्हटलं, साहेब, कॅनमध्ये गाळ होता तेही लिहा. ते म्हणाले, डिझेल शुद्ध असल्याचा कागद आत्ताच वाचला ना, आणि विचारलं तेवढंच सांगा. मी आणखी एकदा म्हटलं. त्यांनी पेन पुढं केलं.

मी सही केली.

का केली, हे वर्षभर स्वतःला विचारतो आहे. धमकी नव्हती, दबाव नव्हता. माझं पत्रक खोटं ठरलं होतं आणि पंचवीस माणसं माझ्याकडं बघत होती. त्यांना दाखवायचं होतं की मी खोटारडा नाही, जे सापडलं ते प्रामाणिकपणे लिहून देतो. माझा प्रामाणिकपणा सिद्ध करायला मला त्या दिवशी उईकेभाऊ लागले. सरळ सांगायचं तर एवढंच. तीन खऱ्या वाक्यांची बेरीज खोटी येते आहे हे दिसत असून मी खाली नाव घातलं.

अहवालात आलं, चालकाचा निष्काळजीपणा. चोरीचा आळ गेला, हे खरं. त्या जागी हा आला. आठवड्याभरात त्यांना काढलं.

निष्काळजीपणा. जो माणूस वीस-वीस लिटरच्या कॅन दोनदा गाळत उन्हात उभा राहायचा, त्याचा.

आणि पुढचं ऐका. टाकी मीच धुऊन दिली होती, जाळी नवी, फिल्टर नवा. नवा ड्रायव्हर आला, पंचविशीचा. तो कॅन उचलतो आणि सरळ ओततो, गाळबिळ काही नाही. गाडी आता चढावर थांबत नाही. गावात लोक म्हणू लागले, बघा, ड्रायव्हर बदलला आणि गाडी सुधारली. याच्यापेक्षा मोठा पुरावा कोणत्या चौकशीत मिळणार? गाळ आता फिल्टरमध्ये साठतो आहे, तिथून पुढं इंजिनात तेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत जाईल, वर्ष-दीड वर्षात इंजिन धूर ओकायला लागेल. तेव्हा कोणी कॅनचं नाव काढणार नाही. कंत्राटही तोवर दुसऱ्याच्या नावावर गेलेलं असेल, याच ठेकेदाराच्या भावाच्या किंवा मेव्हण्याच्या.

एवढ्यावर कामगार संघटनेतले माझे मित्र मला समजावतात. म्हणतात, ठेकेदाराला घाम फुटला ना, पत्रकाचा परिणाम झाला ना. झाला. माणूस कामावरून गेला. उईकेभाऊ माझ्या शेडात आले त्या दुपारी मी पाच प्रश्न विचारले असते, त्यांची टाकी तिथंच उतरवून धुतली असती, आणि एक जाळीचं नरसाळं हातात देऊन म्हटलं असतं की भाऊ, आजपासून गमछा बंद, तर संध्याकाळी ते गाडी घेऊन घरी गेले असते. कोणाला काही कळलं नसतं. ठेकेदाराच्या कॅनवर मला नंतर हवी तेवढी पत्रकं काढता आली असती, माणूस आत ठेवून. मी माणूस बाहेर काढून पत्रक आत ठेवलं.

बरेच महिने त्यांच्या गावी जायची हिंमत झाली नाही. या पावसाळ्यात गेलो. धानाची रोवणी चालू होती. उईकेभाऊ लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, मजुरीला होते, गुडघाभर चिखलात, पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या टाकत. मला पाहून बांधावर आले, पाय धुतले, बसले. मी कशासाठी आलो ते सांगायला सुरुवात केली. नवं पत्रक काढू, कॅनचं, गाळाचं, सगळं. यावेळी पूर्ण तपासून.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "पर्चा नोको जी."

मी म्हटलं, मग काय करू सांगा.

"त्या दिवशी सायबानं तुमाले तीन गोष्टी पुसल्या. चवथी तुमी त्याले पुसायची होती." त्यांनी पाण्यात हात घालून बोटांचा चिखल सोडवला. "धागे माह्या गमछाचे, कबूल हाय. त मंग मी गाळत काऊन होतो?"

मी वर्षभर पानंच्या पानं लिहून पाहिली होती, हे एक वाक्य मला सापडलं नव्हतं. ते रागानं बोलले नव्हते. रागानं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी तेवढंच एका कागदावर लिहिलं, विशेषणं न लावता, उद्गारचिन्ह न घालता. काय घडलं, कॅन कशा होत्या, ते गाळत का होते, आणि त्यांना परत कामावर घ्यावं. खाली त्यांनी सही केली, तिच्याखाली मी माझी केली, आणि माझी आधीची साक्ष अपुरी होती असं लिहिलं. कार्यालयात दिलं. आवकचा शिक्का मिळाला. कारकून म्हणाला, पाहू. त्यानंतर मी तीनदा जाऊन आलो आणि तिन्ही वेळा त्यानं तोच शब्द वापरला.

त्या दिवशी बांधावरून उठताना वरच्या रस्त्यानं ती गाडी गेली. मंगळवार होता. मागच्या काचेतून सुशीलाबाईंनी हात केला, मी केला. उईकेभाऊ तोवर पुन्हा चिखलात उतरले होते. त्यांनी मान वर केली नाही. चढाच्या सुरुवातीला इंजिनाचा आवाज जरासा बसला, मग सावरला. ते बोलले नसते तर माझ्या तो लक्षातही आला नसता.

"फिल्टर बदलाले झाला," ते पेंढी टाकत म्हणाले. "सांगून द्या त्या पोराले. पेशंट हायेत आत."